ट्रॉमा नर्सिंग शिकायचंय, पण नेमकं काय आणि कुठं? : वाचकांचे प्रश्न

नर्सिंगमधल्या पुढच्या शिक्षणाबद्दल काय ते विचारा असं मागच्या अंकात लिहिलं होतं, तर निम्म्याहून जास्त पत्रं कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघात विभागात, काम करणाऱ्यांचीच आली, एक एका वडिलांचं आणि एक चक्क पेशंटच्या नातेवाइकाचं. सोलापूरचं बघता नवल नाही म्हणा. पुणे-हैदराबाद हायवे इथूनच जातो, विजयपूरचा रस्ता इथूनच, तुळजापूर, अक्कलकोट, मंगळवेढा सगळीकडचे रस्ते इथंच येऊन मिळतात आणि त्यांच्यावर रात्री-बेरात्री जे काय होतं ते शेवटी आपल्याच दारात स्ट्रेचरवर येतं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, राग मानू नका.

ताई, माझं जीएनएम झालंय, होटगी रोडला एका खासगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत तीन वर्षं झाली. मला ट्रॉमा आणि इमर्जन्सी नर्सिंगमध्येच पीजी करायचंय. एक सिनियर म्हणते एमएस्सी कर, दुसरी म्हणते डिप्लोमा बास झाला, घरचे म्हणतात आता लग्नाचं बघू. मला कुणीच नीट सांगेना. – स्टाफ नर्स, जुळे सोलापूर

लग्नाचं तुझं तू बघ, त्यावर मी बोलणार नाही. कोर्सचं सांगते.

जीएनएमवरून, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमावरून, थेट एमएस्सीला जाता येत नाही. आधी पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे जीएनएमवाल्यांसाठीची बीएस्सी, करावी लागते, दोन वर्षं, त्याची महाराष्ट्रात सीईटी असते. मग एमएस्सी आणखी दोन वर्षं. एमएस्सीला साधारण ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव मागतात, पण पोस्ट बेसिकवाल्यांना तो अनुभव आधीचा असला तरी चालतो, म्हणजे तुझी कॅज्युअल्टीतली तीन वर्षं वाया जात नाहीत, फक्त एक्स्पिरियन्स सर्टिफिकेट आत्ताच नीट लेटरहेडवर, तारखांसकट घेऊन ठेव, हॉस्पिटल सोडून दोन वर्षांनी मागायला गेलीस तर तिथला एचआर बदललेला असतो आणि मग हेलपाटे.

आता मुख्य गोम. एमएस्सी नर्सिंगमध्ये ट्रॉमा, म्हणजे जबर जखमींचं नर्सिंग, अशी वेगळी शाखा इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या ठरलेल्या विषयांत नाहीच. तुला मेडिकल सर्जिकल नर्सिंग घ्यावं लागेल आणि त्याच्या आत क्रिटिकल केअर, म्हणजे अत्यवस्थ पेशंटची, स्पेशालिटी, ती तुझ्या कामाला सगळ्यात जवळची. कॉलेज निवडताना हे विचारायचंच की मेडिकल सर्जिकलमध्ये कुठली स्पेशालिटी देता, कारण काही ठिकाणी कार्डिओ असतं, काही ठिकाणी न्यूरो, आणि प्रवेश झाल्यावर कळून उपयोग नाही. दिल्लीच्या एम्समध्ये क्रिटिकल केअर नर्सिंगची एमएस्सी आहे आणि त्यांचं जयप्रकाश नारायण ॲपेक्स ट्रॉमा सेंटर हे देशातलं मोठं ट्रॉमा हॉस्पिटल, पण त्यांची परीक्षा देशभरातली असते, जागा मोजक्या, त्यामुळं ते ठरवून अभ्यास करणाऱ्यांसाठी.

दुसरा रस्ता म्हणजे पोस्ट बेसिक डिप्लोमा इन इमर्जन्सी अँड डिझास्टर नर्सिंग. एका वर्षाचा, जीएनएमवाल्यांना थेट चालतो, रजिस्ट्रेशन आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. आणि खरं सांगू का, नावात पीजी नसलं तरी तुला जे शिकायचंय ते याच्यातच जास्त आहे. वर्षाचा बराचसा वेळ वॉर्डात, कॅज्युअल्टीत, आयसीयूत जातो, वर्गात थोडा. सीएमसी वेल्लोरसारख्या ठिकाणी असले डिप्लोमे बऱ्याच वर्षांपासून चालतात. अडचण एवढीच की आपल्याकडच्या हॉस्पिटलांना त्याची किंमत कळत नाही, डिप्लोमा करून आली म्हणून पगारात फार फरक पडेल असं मी तुला खोटं सांगणार नाही.

तिसरा एक आहे, नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. दोन वर्षांचा, पीजी लेव्हलचा, रेसिडेन्सी पद्धतीचा, म्हणजे तास बहुतेक पेशंटजवळच. पण त्याला बीएस्सी लागतं आणि हा कोर्स झालेल्यांसाठी वेगळी पदं आपल्या भागात अजून फारशी दिसत नाहीत. पुण्या-मुंबईच्या, हैदराबादच्या मोठ्या कॉर्पोरेटमध्ये जायची तयारी असेल तरच बघ.

मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं असं विचारशील तर आधी डिप्लोमा, मग पोस्ट बेसिक. उलट्या क्रमानं गेलेल्या पुष्कळ मुली मी बघितल्यात, त्या एमएस्सी होऊन थेट कॉलेजला ट्युटर लागतात आणि पुन्हा कॅज्युअल्टीचं दार बघत नाहीत. ट्युटर होणं वाईट नाही, पण तुला ते करायचंय का ते आधी ठरव. आणि कुठलाही कोर्स घे, माहितीपत्रकावरचं नाव बघू नकोस, क्लिनिकल तास कुठल्या हॉस्पिटलात आणि तिथं खरंच ॲक्सिडेंटच्या केसेस येतात का ते बघ. शंभर खाटांच्या मॅटर्निटी होमला जोडलेला इमर्जन्सीचा कोर्स म्हणजे विहिरीत न उतरता पोहायला शिकण्यासारखं.

माझी मुलगी बीएस्सी नर्सिंग झाली. म्हणते ट्रॉमामध्येच जाणार. रोज रक्त, दारू पिऊन आलेले लोक, पोलीस, नाईट ड्युट्या. मी म्हणतो शिक्षिका हो, सुटीबिटी असते. तिला समजावा. – एक वडील, मोहोळ

दादा, समजावायला तुम्ही चुकीच्या माणसाला पत्र लिहिलंत.

तुमची काळजी खोटी नाही. कॅज्युअल्टीत नातेवाईक अंगावर येतात, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत किंवा थर्टी फर्स्टला तर विचारूच नका. ज्या हॉस्पिटलात ती लागेल तिथं रात्री सिक्युरिटी आहे का, नाईट संपल्यावर घरी यायची सोय आहे का, सलग किती नाईट देतात, हे तुम्ही बाप म्हणून विचारा, बिनधास्त विचारा, त्यात लाज नाही. पण नर्सिंग कॉलेजात शिक्षिका म्हणून पुढं जायला सुद्धा एमएस्सी लागते आणि बीएस्सीनंतर एक वर्ष हॉस्पिटलात काम केल्याशिवाय एमएस्सीला घेत नाहीत. म्हणजे ते एक वर्ष तिला कुठंतरी काढायचंच आहे, कॅज्युअल्टीत काढू दे. वर्षभरात तिचं तिलाच कळेल. ज्यांना ते जमत नाही त्या तीन महिन्यांत ओपीडी मागून घेतात, आणि ज्यांना जमतं त्यांना बाहेर काढणं तुमच्या-माझ्या हातात नसतं.

आमच्या वडिलांचा हात मोडला होता, हाड दिसत होतं, अर्धा तास बाकावर बसवलं. आमच्यानंतर आलेला एक पोरगा, चालत आला, रक्त पण नाही, त्याला पळवत आत नेलं. ओळखीचा असेल. हेच का तुमचं शिक्षण? – अक्कलकोट रोडचे एक वाचक

रागात लिहिलंय, तरी पत्र छापतेय कारण प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे आणि हेच आमचं शिक्षण.

दारात आलेल्या माणसांतून आधी कुणाला आत न्यायचं हे ठरवण्याला ट्रायाज म्हणतात. आधी आला तो आधी, हा नियम तिकीट खिडकीचा, कॅज्युअल्टीचा नाही. तुमच्या वडिलांचा हात मोडला, दुखत होतं, ते ओरडत असतील, पण जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, घसा मोकळा आहे, मेंदूला रक्त पोचतंय. आम्हाला भीती गप्प बसलेल्याची असते. तो पोरगा गाडीवरून पडून हँडल पोटात घुसलेला असू शकतो, बाहेर थेंब नाही आणि आत प्लीहा फाटून पोटात रक्त साठतंय. तरण्या माणसाचं शरीर फार वेळ झाकून नेतं. अंगातलं साधारण ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचं बीपी बऱ्यापैकी नॉर्मल दिसू शकतं, आधी नाडी पळायला लागते, हातपाय गार पडतात, माणूस उगाच अस्वस्थ होतो. बीपी पडल्यावर धावणारी सिस्टर उशिरा धावते. नाडीवर बोट ठेवून, चेहरा बघून जी आधीच धावते ती शिकलेली. त्या पोराला कुणी पळवत नेलं असेल तर बहुतेक तिनं हेच बघितलं.

याच्या पद्धती ठरलेल्या आहेत. मोठ्या दुर्घटनेत, बस उलटली वगैरे, तेव्हा लाल, पिवळा, हिरवा, काळा असे टॅग लावतात आणि एका माणसामागं मिनिटभराच्या आत निर्णय घेतात: श्वास मिनिटाला ३० च्या वर आहे का, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत येतो का, सांगितलेलं ऐकतो का. रोजच्या कॅज्युअल्टीसाठी वेगळ्या स्केल असतात. त्यात मला दक्षिण आफ्रिकेची आवडते. केपटाऊनच्या लोकांनी डॉक्टर कमी आणि गर्दी प्रचंड अशा हॉस्पिटलांसाठी ती बनवली आणि चालवायची नर्सनीच, म्हणजे आपल्यासारखीच गत. नाडी, श्वास, बीपी, ताप, शुद्ध, चालता येतं का, मार लागलाय का, याचे गुण मिळवायचे आणि वर काही धोक्याची लक्षणं बघायची. लाल लगेच, केशरी दहा मिनिटांत, पिवळा तासाभरात, हिरवा चार तासांत.

तरी एक तुमचं बरोबर. अर्ध्या तासात कुणीतरी येऊन वडिलांना दुखण्याचं औषध, हाताला आधार आणि "तुमच्याआधी त्याला का नेलं" हे एका वाक्यात सांगायला पाहिजे होतं. आणि हाड बाहेर दिसत असेल तर ते नुसतं फ्रॅक्चर नसतं, जखम झाकून अँटिबायोटिक लवकर सुरू करावं लागतं, बोटांत रक्त पोचतंय का ते सारखं बघावं लागतं. थांबवणं वेगळं आणि विसरणं वेगळं.

मॅडम, एमएस्सी फर्स्ट इयरला आहे, मेडिकल सर्जिकल. डिझर्टेशनला ट्रॉमावर विषय हवाय. गाईड म्हणतात "स्टाफ नर्सेसच्या ट्रायाजबद्दलच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता" घे, लवकर संपतं. – सोलापूर

लवकर संपतं हे खरं. तसले प्रबंध लायब्ररीत ढिगानं पडलेत, आधी पेपर घ्यायचा, तास घ्यायचा, परत तोच पेपर घ्यायचा, मार्क वाढले, संपलं. मार्क वाढणारच की, आत्ताच शिकवलंय. सहा महिन्यांनी त्या सिस्टरनी कॅज्युअल्टीत वेगळं काय केलं ते कुणी बघत नाही. गाईडशी भांडू नकोस, पण दुसरा विषय तयार करून त्यांच्यासमोर ठेव, बरेचसे गाईड ऐकतात, त्यांनाही तेच तेच वाचून कंटाळा आलेला असतो.

आपल्याकडं विषयांची काय कमी. ऊसतोड सुरू झाली की रात्री ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभ्या, आणि मागून येणारा दुचाकीवाला सरळ उसात घुसतो. ह्या पेशंटांचं नर्सिंग रेकॉर्ड काढून बघ. अपघात किती वाजता झाला हे लिहिलंय का? हसू नकोस, हा सगळ्यात भारी विषय आहे. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आहे ना, त्याच्यावर क्रॅश-२ नावाची मोठी चाचणी झाली, ४० देशांत, वीस हजारांहून जास्त पेशंट, २०१० साली निकाल आला. पुढच्या वर्षी त्याच आकड्यांतून दिसलं की पहिल्या तीन तासांत दिलं तर जीव वाचतात, त्यानंतर सुरू केलं तर फायदा नाही, उलट नुकसानच दिसलं. आता सांग, केसपेपरवर अपघाताची वेळच नसेल आणि फक्त "आल्याची वेळ" असेल, पेशंट करमाळ्याहून दोन हॉस्पिटलं फिरून आलेला असेल, तर तीन तास मोजायचे कुठून? डॉक्टर ऑर्डर देतात, पण बरोबर आलेल्या माणसाला बाजूला घेऊन "किती वाजता झालं, टीव्हीवर काय चालू होतं, कारखान्याचा भोंगा झाला होता का" असं खोदून विचारायचं काम सिस्टरचं.

दुसरं, टेंपरेचर. ट्रॉमाच्या पेशंटचं टेंपरेचर किती जणांचं लिहिलेलं सापडतं ते बघ. सोलापूरच्या मे महिन्यात कुणाला वाटतच नाही की पेशंट गार पडेल, पण रक्त गेलेला माणूस, कपडे कापून काढलेले, डोक्यावर एसी, त्यात फ्रीजमधली रक्ताची पिशवी धाडधाड लावलेली, बाहेर ४३ डिग्री असताना आत तो ३५ च्या खाली जातो. अंग गार पडलं की रक्त गोठत नाही, गोठलं नाही की आणखी जातं, रक्तात आम्ल वाढतं, आणि हे तिन्ही मिळून माणूस नेतात. उपाय काय तर ब्लँकेट आणि गरम केलेलं सलाईन. आपल्याकडं चादरीचा तुटवडा आहे असं तरी कुणी म्हणू नये.

तिसरं, ग्लासगो कोमा स्केल. ही १९७४ सालची, डोळे, बोलणं, हालचाल यांचे वेगळे गुण, कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५. आपल्याकडं नुसतं "जीसीएस ९" लिहून मोकळे होतात. त्या ९ मध्ये डोळ्यांचे किती, हालचालीचे किती हे नसेल तर दोन तासांनी आलेल्या सिस्टरला पेशंट खालावला की तसाच आहे हे कळणार कसं? शंभर केसपेपर काढ, किती जणांत तीन आकडे वेगळे लिहिलेत मोज, मग एक छोटा तक्ता छापून लाव, परत मोज. हाही आधी-नंतरचाच अभ्यास, गाईड खूश, आणि तुझ्या हातात खरं काहीतरी राहील.

एथिक्स कमिटीची परवानगी आणि हॉस्पिटलच्या डीनचं पत्र वेळेत घे. ऊसतोडीवरचा विषय घेशील तर हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, सिनॉप्सिस, म्हणजे विषयाचा आराखडा, मंजूर होईपर्यंत कारखाने बंद झाले तर वर्षभर बसून राहशील.

एटीएलएस, एटीसीएन, टीएनसीसी, एसीएलएस, सगळे म्हणतात कर. खिसा एकच आहे. कुठला करू? आणि परदेशी जाताना कामी येतो का? – ब्रदर, विजापूर नाका

एटीएलएस, म्हणजे जबर जखमी पेशंटला सांभाळायचा छोटा कोर्स, तो डॉक्टरांचा. त्याची कथा ऐकून ठेव, आपल्या ग्रामीण रुग्णालयांना लागू आहे. १९७६ मध्ये जेम्स स्टायनर नावाच्या हाडांच्या सर्जनचं छोटं विमान अमेरिकेत नेब्रास्काच्या शेतात कोसळलं, बायको गेली, मुलं जखमी, आणि जवळच्या लहान हॉस्पिटलात जी ट्रीटमेंट मिळाली ती बघून हा माणूस इतका वैतागला की सहकाऱ्यांना घेऊन त्यानं कोर्सच उभा केला, १९७८ मध्ये पहिला झाला. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, हा एबीसीडीईचा जो क्रम आज जगभर म्हणतात तो त्यातून पसरला. एटीसीएन हा त्याचाच नर्सेससाठीचा जोडीदार, व्याख्यानं डॉक्टरांच्या बरोबर ऐकायची आणि प्रात्यक्षिक वेगळं. टीएनसीसी हाही नर्सेसचाच ट्रॉमा कोर्स, अमेरिकेच्या इमर्जन्सी नर्सेस असोसिएशनचा, सर्टिफिकेट चार वर्षं चालतं.

पैसे एकाचेच असतील तर आधी बीएलएस-एसीएलएस, म्हणजे हृदय बंद पडल्यावर जीव वाचवायचे कोर्स, कारण नोकरीच्या जाहिरातीत तेच मागतात, दोन वर्षांनी रिन्यू करावं लागतं हे धरून चाल. त्यानंतर एटीसीएन जवळपास कुठं निघाला तर सोडू नको. परदेशाचं म्हणशील तर हे कोर्स सीव्हीवर चांगले दिसतात, पण रजिस्ट्रेशन त्यावर मिळत नाही. इंग्लंडला आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, मग कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग तिथं जाऊन ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा. ऑस्ट्रेलियात इमर्जन्सी नर्सिंगचे पीजी कोर्स भरपूर, पण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तू आधीच तिथला रजिस्टर्ड नर्स असावास आणि इमर्जन्सीत ड्युटी करत असावास अशी अट असते. "इथून ॲडमिशन, तिथं गेल्यावर नोकरी" असं सांगणारा एजंट भेटला की पैसे देण्याआधी कोर्सची अट त्याच कॉलेजच्या वेबसाइटवर जाऊन स्वतः वाच.

फोनवर जाहिरात आली, तीन महिन्यांत ऑनलाइन "पीजी डिप्लोमा इन ट्रॉमा केअर नर्सिंग", चाळीस हजार, ईएमआय आहे. करू का? – बार्शी

नको. नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का आणि सर्टिफिकेटवरून तुझ्या रजिस्ट्रेशनला ॲडिशनल क्वालिफिकेशन म्हणून नोंद होते का, हे दोन प्रश्न त्यांना मेसेजवर लिहून विचार, फोनवर नाही. बहुतेक उत्तर येणार नाही, आलं तर पुढच्या अंकासाठी मला पाठव.